वेण्णेच्या डोहापासून केळीच्या गुणसूत्रांपर्यंत
प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा संशोधनप्रवास

सेलू (जि. वर्धा), प्रतिनिधी – केळीत बी का नसते, हा प्रश्न एकेकाळी केळीच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सेलू परिसरात सहसा कुणी विचारीत नाही. मुनवा काढायचा, दुसऱ्या खड्ड्यात लावायचा आणि घडाची वाट पाहायची, एवढे ज्ञान बागाइतदाराला पिढ्यान्‌पिढ्या पुरले आहे. मात्र या प्रश्नाचे उत्तर ज्या गुणसूत्रांच्या संख्येत दडले आहे, ती संख्या मोजण्याचे काम कलकत्ता विद्यापीठातील एका मराठी प्राध्यापकाने १९३५ मध्ये आपले सहकारी भादुरी यांच्यासमवेत केले होते. केळीच्या कुळातील गुणसूत्रांच्या संख्येत आढळणारा फरक या दोघांनी त्या वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मांडला. त्या प्राध्यापकांचे नाव शंकर पुरुषोत्तम आघारकर.

पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेमुळे हे नाव मराठी माणसाच्या कानावर असते. पण ते नेमके कोण, असे विचारल्यास अनेकांची गल्लत होते. या गल्लतीला तसे कारणही आहे. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव असलेल्या रस्त्यावरच ही संस्था उभी आहे. आगरकर वेगळे आणि आघारकर वेगळे, हे संस्थेच्या दारातही समजावून सांगावे लागते अशी परिस्थिती! सुधारक आगरकर १८९५ मध्ये निवर्तले, तेव्हा आघारकर अवघे दहा वर्षांचे होते.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्या नोकरीतील बदल्यांमुळे मुलाच्या शाळा वारंवार बदलल्या. मॅट्रिकची परीक्षा त्यांनी धारवाडहून दिली आणि पुढील शिक्षणासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेतला. शिक्षण पूर्ण होताच त्याच महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी महाविद्यालयातील शिक्षकाने शिकवावे, परीक्षा घ्याव्यात आणि सुटीत घरी जावे, अशीच सर्वसाधारण अपेक्षा असे. संशोधन हे काम सरकारी खात्यांतील युरोपीय अधिकाऱ्यांचे मानले जाई. आघारकर मात्र सुटी लागली की सह्याद्रीची वाट धरीत.

या भटकंतीतच त्यांच्या आयुष्याला वळण देणारा शोध लागला. सातारा जिल्ह्यात मेढा गावाजवळून वेण्णा नदी वाहते. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला, की खडकांमधील डोहांत पाणी साठून राहते. या डोहांत आघारकरांना जेलीफिश आढळले. जेलीफिश हा समुद्रातील जीव. छत्रीसारखे पारदर्शक शरीर आणि कडेला लोंबणारे तंतू, असे त्याचे रूप किनाऱ्यावरच्या माणसाला परिचित असते. मालवणात जन्मलेल्या आघारकरांना तर ते असणारच. परंतु समुद्रापासून घाटाच्या पलीकडे, पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीच्या गोड्या पाण्यात, नाण्याएवढ्या आकाराचे जेलीफिश तरंगताना दिसणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट होती. गोड्या पाण्यातील जेलीफिश तोवर जगात मोजक्याच ठिकाणी ठाऊक होते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये परदेशी कमळांसाठी बांधलेल्या टाकीत १८८० मध्ये एक प्रकार अचानक आढळला होता. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातून दुसऱ्या एका प्रजातीचे, लिम्नोक्निडाचे, वर्णन झाले होते. भारतात अशा जिवाची नोंद नव्हती.

आघारकरांचे नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये पोहोचले. तेथील प्रमुख नेल्सन अ‍ॅनंडेल हे गोड्या पाण्यातील जीवांचे मोठे जाणकार होते; पुढे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक झाले. त्यांनी नमुने तपासून ही आफ्रिकेतील लिम्नोक्निडाच्याच कुळातील नवी जात असल्याचे ठरविले आणि तिला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. १९११-१२ मध्ये हा शोध वैज्ञानिक जगापुढे आला आणि ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने त्याची दखल घेतली. म्युझियममधील ग्रेव्हली यांच्यासह आघारकरांनी या जिवाच्या सवयी आणि आढळ यांविषयी स्वतंत्र टिपणही प्रसिद्ध केले.

शोधाचे महत्त्व एका नव्या जिवाची भर पडली, एवढ्यापुरते नव्हते. जो जीव आफ्रिकेतील सरोवरात, त्याचा सख्खा नातलग साताऱ्याच्या डोहात कसा, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. मधे अथांग हिंदी महासागर. आणि हा नाजूक जीव खाऱ्या पाण्यातून एवढा प्रवास करील हे संभवत नाही. त्या काळच्या शास्त्रज्ञांमध्ये आफ्रिका व भारत यांना जोडणारा भूभाग कधीकाळी समुद्रात बुडाला असावा, अशी कल्पना प्रचलित होती. योगायोग असा, की १९१२ च्या जानेवारीतच जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात हा सिद्धान्त प्रथम मांडला. तो सर्वमान्य होण्यास पुढे अर्धशतक लागले. आज भारत व आफ्रिका एकाच गोंडवन भूखंडाचे तुकडे होते हे शाळेतील मुलेही शिकतात. १९१२ मध्ये मात्र मुंबईचा एक तरुण अध्यापक या प्रश्नासमोर जवळजवळ रिकाम्या हातांनी उभा होता. दोन दूरच्या प्रदेशांत सारखेच जीव कसे येतात, या प्रश्नाने त्यांची पुढे पाठ सोडली नाही, असे त्यांच्या नंतरच्या कामावरून म्हणता येते.

प्राध्यापकपद आणि युद्ध

याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात एक मोठी घडामोड सुरू होती. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांना विद्यापीठ हे केवळ परीक्षा घेणारे कार्यालय राहू द्यायचे नव्हते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन विख्यात वकिलांनी विज्ञान महाविद्यालयासाठी प्रचंड देणग्या दिल्या. घोष यांनी १९१३ मध्ये दिलेली रक्कम दहा लाख रुपयांची होती. त्यांतून निर्माण झालेल्या प्राध्यापकपदांवर भारतीयच नेमावेत, हा दात्यांचा आग्रह होता. मुखर्जी यांनी त्यासाठी देशभर नजर फिरविली. वनस्पतिशास्त्राच्या घोष प्राध्यापकपदी आघारकरांची निवड झाली. भौतिकशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून देवेंद्रमोहन बोस, तर गणितासाठी गणेश प्रसाद निवडले गेले.

जेलीफिशमुळे नावारूपाला आलेला अध्यापक वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक कसा झाला, याचे आज नवल वाटेल. त्या काळी जीवशास्त्राच्या शाखांमधील भिंती एवढ्या उंच नव्हत्या. एकच शिक्षक सकाळी बेडूक आणि दुपारी नेचे शिकवीत असे. तरीही हा बदल सोपा नव्हता. नव्या प्राध्यापकांनी परदेशी जाऊन प्रशिक्षण घ्यावे अशी अट होती. पालित प्राध्यापकपदासाठी निवडलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी परदेशी जाण्यास नकार दिला आणि विद्यापीठाने तो मान्यही केला. आघारकर व बोस यांनी अट स्वीकारली. १९१४ मध्ये दोघेही बर्लिनला गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले.

ब्रिटिश प्रजाजन म्हणून हे दोघेही आता शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ज्या साम्राज्याविरुद्ध मायदेशी असंतोष धुमसत होता, त्याच साम्राज्याचे प्रजाजन म्हणून परक्या देशात संशयाचे धनी व्हावे लागले, हा दैवदुर्विलासच. आघारकरांना काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. मायदेशी परतण्याचा मार्ग बंद, विद्यापीठातील पद कागदावर आणि अभ्यास अर्धवट, अशा अवस्थेत तिशीतील उमेदीची वर्षे गेली. सुटका झाल्यावर त्यांनी पुन्हा अभ्यास हाती घेतला. त्यांचे मार्गदर्शक होते अ‍ॅडॉल्फ एंग्लर. बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचे संचालक असलेले एंग्लर हे वनस्पतींच्या वर्गीकरणातील त्या काळचे सर्वांत मोठे नाव. जगभरातील वनस्पतिसंग्रहांची मांडणी त्यांच्या पद्धतीने होत असे.

आघारकरांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय मुद्दाम पाहण्यासारखा आहे. वायव्य भारतातील कोरड्या, अर्धकोरड्या आणि खारवट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कसा होतो आणि त्या मूळच्या कुठल्या, याचा शोध त्यांनी घेतला. रुईच्या बोंडातून कापसासारख्या तंतूंवर बी वाऱ्याने उडते, गोखरूचे काटे जनावराच्या पायाला चिकटून गावोगाव जातात, हे विदर्भातील शेतकरीही रोज पाहतो. परंतु प्रत्येक वनस्पतीच्या बीची अशी तपासणी करून, त्यावरून तिचा प्रवास कुठून कुठे झाला असेल याचा नकाशा मांडणे हे वेगळेच काम. राजस्थान-सिंधच्या वाळवंटी पट्ट्यातील कितीतरी वनस्पतींचे नातलग अरबस्तानात आणि उत्तर आफ्रिकेत आढळतात. वेण्णेच्या डोहात जो प्रश्न जेलीफिशने विचारला होता, तोच येथे झुडपांनी विचारला. प्राणी सुटले, वनस्पती आल्या. पण प्रश्न तोच राहिला. बर्लिन विद्यापीठाची पीएच.डी. पदवी त्यांनी मिळविली आणि हा प्रबंध १९२० मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. भाषेमुळे असेल किंवा युद्धोत्तर काळामुळे असेल, भारतात त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

जलपर्णीचे संकट

युद्धानंतर परतलेल्या आघारकरांनी पुढील पाव शतक कलकत्ता विद्यापीठाला दिले. बालीगंज येथील वनस्पतिशास्त्र विभागाचे ते पुढे प्रमुख झाले. या काळात त्यांच्या संशोधनाचा रोख बदलला. दूरच्या भूतकाळाऐवजी बंगालच्या दारात उभ्या असलेल्या प्रश्नांकडे ते वळले. त्यांतील एक होता जलपर्णीचा.

दक्षिण अमेरिकेतून शोभेची वनस्पती म्हणून आलेल्या जलपर्णीने विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील नद्या, बिले आणि भातखाचरे व्यापली. होड्या अडू लागल्या, मासेमारी बुडाली, पीक गुदमरले. सरकारने १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे १९३६ मध्ये जलपर्णीविरोधी कायदाही झाला. या गदारोळात एक मूलभूत बाब निश्चित होणे आवश्यक होते. जलपर्णी फक्त फुटवे फुटून पसरते, की बियांपासूनही? फुटव्यांनीच पसरत असेल तर उपसून टाकणे पुरेसे. बियाही रुजत असतील तर उपसलेल्या तळ्याच्या गाळात पुढील वर्षीचे पीक तयार बसलेले असणार. आघारकर आणि बॅनर्जी यांनी जलपर्णीचे परागण व बीनिर्मिती यांचा अभ्यास करून १९३० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. जलपर्णीचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहू शकते, हे आता सर्वज्ञात आहे. नागपूरच्या अंबाझरी तलावातून जलपर्णी काढण्याची मोहीम एकदा नव्हे, पुनःपुन्हा का घ्यावी लागते, याचे एक कारण त्यात आहे. नव्वद वर्षांहून अधिक काळापूर्वी विचारलेला हा प्रश्न उपसा करणाऱ्या यंत्रणांनी आजही विचारला तर बिघडणार नाही.

दुसरे काम केळीचे. रानकेळीच्या पेशीत साधारणतः अकरा-अकरा गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे बावीस गुणसूत्रे असतात. आपण खातो त्या बहुतेक जातींमध्ये, सेलूकडे पूर्वी लागलेली बसराई असो वा आताची जी-नाईन असो, तीन संच म्हणजे तेहतीस गुणसूत्रे असतात. तीनचे दोन सारखे भाग होत नाहीत. त्यामुळे बी धरत नाही आणि फळ नुसत्या गराचे तयार होते. म्हणूनच केळी बियांपासून नव्हे, मुनव्यांपासून लावावी लागते. यातील गैरसोय अशी, की बागेतील सर्व झाडे एकाच मूळ झाडाच्या हुबेहूब प्रती असतात आणि एकाला जो रोग मारतो तो सर्वांना मारू शकतो. पनामा रोगाने ग्रो मिशेल या जातीचा जगाच्या बाजारातून असाच अस्त केला. केळीची पैदास समजून घ्यायची तर आधी गुणसूत्रे मोजणे भाग होते. तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून त्रिनिदादसह जगात मोजक्या ठिकाणी हे काम सुरू होते. भारतातून त्यात भर घालणाऱ्यांमध्ये आघारकर व भादुरी यांचे टिपण येते. आज वापरात असलेले केळीचे वर्गीकरण १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेपर्ड यांनी मांडले. त्याचा पाया अशा मोजण्यांवरच रचला गेला.

हे सारे सांगताना एक गोष्ट मान्य करायला हवी. आघारकरांच्या नावावरील शोधनिबंधांची यादी त्यांच्या योग्यतेच्या मानाने लांब नाही. त्यांचा बराच काळ संस्था उभारण्यात गेला. इंडियन सायन्स काँग्रेसचे सरचिटणीस म्हणून त्यांनी काम केले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेसच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. हीच संस्था १९७० पासून भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाते. पत्रव्यवहार, सभा, इतिवृत्ते, निधीची जमवाजमव यांत संशोधकाचे हात गुंतले की सूक्ष्मदर्शकावर धूळ बसते. हा तोटा त्यांच्या पिढीतील अनेकांनी पत्करला. कारण आधी घर बांधल्याशिवाय आत बसून काम करणार कोण?

साठीनंतरचा नवा डाव

१९४६ मध्ये कलकत्त्याहून निवृत्त होऊन आघारकर पुण्यास आले. वय एकसष्ट पूर्ण झालेले. पुण्यात तेव्हा विद्यापीठही नव्हते. ते १९४९ मध्ये स्थापन झाले. महाविद्यालये नामांकित होती, परंतु मूलभूत विज्ञानाच्या संशोधनासाठी स्वतंत्र, लोकांच्या पुढाकाराने चालणारी संस्था नव्हती. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था आघारकरांनी तीन दशके जवळून पाहिली होती. रामन यांचे जगप्रसिद्ध संशोधन तेथेच झाले. त्याच धर्तीच्या नावाची महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजेच महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी, १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले. विशेष म्हणजे त्याच वर्षी लखनौमध्ये बिरबल साहनी यांनी पुरावनस्पतिशास्त्राच्या संस्थेचा आरंभ केला. नागपूर-छिंदवाडा परिसरातील काळ्या खडकांच्या थरांमध्ये सापडणाऱ्या प्राचीन वनस्पतींचा अभ्यास करणारे साहनी हे विदर्भातील अभ्यासकांना अधिक परिचित. त्यांचे १९४९ मध्येच निधन झाले. आघारकरांना चौदा वर्षे मिळाली.

ही वर्षे आरामाची नव्हती. पदरी सरकारी खाते नाही, विद्यापीठाची इमारत नाही. राज्याचे नाव महाराष्ट्र होण्यासही अवधी होता. संस्थेच्या नावात मात्र ते पहिल्या दिवसापासून होते. या काळात त्यांनी मुंबई राज्याच्या गॅझेटियरसाठी औषधी वनस्पतींवरील खंड सिद्ध केला. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुळवेल, अडुळसा, हिरडा यांसारख्या वनस्पतींविषयी गावोगावच्या वैद्यांकडे पिढीजात माहिती होती. पण वैद्य सांगतो ती वनस्पती आणि शास्त्रीय नावाची वनस्पती एकच, हे ठरविल्याशिवाय त्या माहितीचा पडताळा घेता येत नाही. नावांचा हा मेळ घालण्याचे किचकट काम अशा ग्रंथांतून होते. वनौषधींचा अभ्यास करणारे त्याचा आधार आजही घेतात.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर चार महिन्यांनी, २ सप्टेंबर १९६० रोजी आघारकरांचे निधन झाले.

संस्थेने पुढे घेतलेले रूप त्यांनी पाहिले नाही. गव्हाच्या, द्राक्षाच्या आणि सोयाबीनच्या पैदाशीतील तिचे काम पुढील संशोधकांचे आहे. त्याचे श्रेय आघारकरांच्या खात्यावर टाकणे योग्य होणार नाही. परंतु एमएसीएस ही आद्याक्षरे असलेले वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले ते या संस्थेतूनच. बन्सी प्रकारच्या गव्हातील एमएसीएस ४०२८, खपली गव्हातील एमएसीएस २९७१ आणि सोयाबीनचे अनेक वाण ही त्यांची काही उदाहरणे. सोयाबीनच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचेही ही संस्था एक केंद्र आहे. कापूस आणि तुरीच्या जोडीने सोयाबीन हे वर्धा जिल्ह्याचे मुख्य पीक बनलेले असताना, ही अक्षरे कोणत्या नावाची आहेत हे बियाण्याची पिशवी फोडणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते.

संस्थापकाचे नाव संस्थेला १९९२ मध्ये देण्यात आले. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या या संस्थेत वाळवून, चिकटवून, नावनिशी लावून ठेवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. त्यालाही आघारकरांचेच नाव आहे. शेजारी बुरशींचा स्वतंत्र संग्रह असून त्याला पुण्यातीलच वनस्पतिशास्त्रज्ञ अजरेकर यांचे नाव दिले आहे. पश्चिम घाटात फिरून आणलेली झाडाची फांदी कोणत्या जातीची, हे ठरविण्यासाठी अभ्यासक या संग्रहातील कागद उलगडून त्यावरील फांदीशी आपली फांदी ताडून पाहतात.